‘नाही’ ऐकायला जन्मलेली

मी एक चाचणी बोलतेय, प्रोग्राम चुकतो का ते तपासणारी. लिफ्टच्या कारखान्यातल्या संगणकात माझा मुक्काम. अंगापिंडाने म्हणाल तर चार ओळींची.

लिफ्टचा जुना प्रोग्राम एका भाषेतला, त्याच्यावर बसवलेला नवा दुसऱ्या भाषेतला. नवा विचारतो, “दार बंद आहे का?” जुना ‘होय’ किंवा ‘नाही’ सांगतो. त्याचं उत्तर संगणकाच्या स्मृतीतल्या एका खणात मावतं. नवा मात्र शेजारचे तीन खणही वाचायचा. तिथे आधीच्या आकड्यांचा कचरा उरला असला, की ‘नाही’चं ‘होय’ व्हायचं.

या दोघांना जोडलं माझ्या आईने, म्हणजे पुढे मला लिहिणाऱ्या बाईने. दार लावून तिने विचारून पाहिलं. ‘होय’ आलं. कामावर शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, “अगं, उघडं ठेवूनही बघ की.”

“त्यात काय बघायचं? साधं होय-नाही तर आहे!”

पुढे एका इमारतीत दार अर्धवट उघडं असताना लिफ्ट सुटली. झाडलोट करणाऱ्या मावशींचा पाय अडकला, घोट्याचा चुरा झाला.

साहेब म्हणाले, “जुन्या प्रोग्रामवर ढकलून मोकळे होऊ.”

आई म्हणाली, “नाही, साहेब. तो खरंच सांगत होता. ऐकण्यात चूक माझी झाली.”

त्याच दुपारी तिने मला लिहिलं. शेजारच्या खणांत मुद्दाम कचरा भरला, दार उघडं ठेवलं आणि विचारलं. उत्तर आलं, ‘होय’. चूक पकडली की चाचणी लाल होते, सगळं ठीक असलं की हिरवी; मी लालभडक झाले. तोंडावर हात दाबून आई हमसाहमशी रडली. मग तिने नव्या प्रोग्रामला एकच खण वाचायला शिकवलं. मी हिरवी झाले. तिचा चेहरा मात्र उजळला नाही.

मावशींना भेटून आल्यावर ती मैत्रिणीला सांगत होती, “शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं गं. म्हणाल्या, ‘खरं बोललीस, बरं केलंस. पण पोरी, आता मी लिफ्टमध्ये पाऊल ठेवायची नाही.’”

हल्ली कामावर येताना आई त्या इमारतीवरून येते. मावशींची बादली उचलते आणि त्यांच्या लंगडत्या चालीशी पाऊल जुळवत जिना चढते. उशीर होतो, बोलणी खाते.

नवी मंडळी कुरकुरतात, “ही रोज हिरवीच असते, काढून टाकूया.” बाबांनो, मला राहू द्या. आईला माफी मिळवून देणं माझ्या हाती नाही. पण दार उघडं असेल, तर ‘नाही’ ऐकू येईल, एवढं मी बघेन.