सेकंदाला आठ चित्रं

काकांनी पेन ड्राइव्ह टेबलावर असा ठेवला, जणू आत्ताच कुणाला तरी आगीतून वाचवून आणलंय.

"घ्या! एकशे नव्वद जीबीचा डोंगर होता. आता किती? दोन! अख्खी मावशी खिशात मावली की नाही?"

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. नाक्यावर त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे घरात ज्या ज्या वस्तूला वायर आहे त्यावर शेवटचा शब्द त्यांचा. इस्त्रीवरसुद्धा. आईने त्यांच्यासाठी ठरवलेली खूण म्हणजे दोन बोटांनी शर्टाच्या खिशावर टिचकी, कारण त्या खिशात कायम तीन पेनं आणि एक स्क्रूड्रायव्हर. आईला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्याकडे माणसांना नावं नसतात, खुणा असतात. हनुवटीपाशी गरगर फिरणारं बोट म्हणजे तिची मुलगी. दोन वर्षांची असल्यापासून जिचं तोंड बंद झालं नाही ती टकळी. मग बोलणाऱ्यांनीही तेच नाव उचललं.

ती खूण मात्र आईची नव्हती, मावशीची होती.

मावशी आईची मोठी बहीण. तिलाही ऐकू यायचं नाही. दोघी लहान असताना त्यांना शाळेत घालायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, म्हणून त्यांनी आपली आपण एक भाषा उभी केली. बधिरांच्या शाळेतल्या खुणा त्या खूप नंतर शिकल्या, आणि घरात आई टकळीशी त्यांतच बोलायची. ही आधीची भाषा जगात फक्त दोघी बोलायच्या, आणि टकळीला ती अर्धीमुर्धी कळायची. मावशी दुसऱ्या गावी राहायची. दर महिन्याला ती कॅमेऱ्यासमोर बसून आईला पंधरा-पंधरा मिनिटांचं पत्र बोलायची आणि भेटायला आली की सगळी पत्रं घरच्या डिस्कवर ओतून जायची. अशी त्रेसष्ट पत्रं होती. दोन वर्षांपूर्वी मावशी गेली. तेव्हापासून ती भाषा बोलणारी आई एकटीच.

पण जुन्या कॅमेऱ्याच्या त्या फाइली टीव्हीवर लागेनात, फोनवर तर नुसता काळा चौकोन. म्हणून टकळीनेच डिस्क उचलून काकांच्या हातात दिली होती. "फोनवर दिसतील अशा करा ना, काका." एवढंच म्हणाली होती. स्वतःच्या हाताने दिली होती, हे ती पुढचे दोन दिवस विसरू शकली नाही.

काकांनी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. आई ओले हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली.

पडद्यावर मावशी आली. निळा स्वेटर, मागे तिची खिडकी. तिने हात वर उचलला, आणि पुढच्या क्षणी तो हात गुडघ्यावर होता. मध्ये काय झालं ते नव्हतंच. पुन्हा हात छातीशी, पुन्हा कानाशी, जणू कुणीतरी तिला धक्के मारत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ठेवतंय. आणि बोटं? बोटांच्या जागी कालवलेलं पीठ. पाच बोटं आहेत की तीन, मूठ आहे की पंजा, काही म्हणजे काही कळेना.

आई उठली. नाक काचेला टेकेल इतकी टीव्हीजवळ गेली. 'पुन्हा,' तिने खूण केली. टकळीने पुन्हा लावलं. 'पुन्हा.' तिसऱ्या वेळी आई वळली आणि तिने विचारलं:

'हिचे हात कुणी बांधले?'

"काय म्हणतेय?" बाबांनी विचारलं.

"म्हणतेय की," टकळीने रिमोट खाली ठेवला, "जरा अस्पष्ट दिसतंय."

ही तिची सवय होती. सात वर्षांची असल्यापासून. दवाखान्यात, शाळेच्या पालकसभेत, पाहुण्यांसमोर, आई जे बोलेल ते तिने बोलायचं, पण बाबा आधीच कानात सांगायचे, "जरा गोड करून सांग हं." आई म्हणायची, 'हा डॉक्टर माझ्याकडे बघतसुद्धा नाही, भिंतीला औषध देतोय का?' आणि टकळी म्हणायची, "आई विचारतेय, गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या ना?"

"अस्पष्ट नाही गं, आटोपशीर!" काका खूश होते. "डोकं लावलंय मी. व्हिडिओ म्हणजे काय, एका सेकंदाला पंचवीस चित्रं. आता ह्यात आवाज तर नाहीच, कुणी बोलतच नाही. नुसते हातवारे. मग पंचवीस कशाला? आठ ठेवली. आकारही बारीक केला. हातवारे केलेत एवढं कळतं की!"

टकळीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी बोलतच नाही! पंधरा मिनिटं ती बाई श्वास न घेता बोलतेय आणि म्हणे कुणी बोलतच नाही!

"मूळ फाइली कुठे आहेत?"

"कुठल्या?"

"काका, डिस्क कुठे आहे?"

"दुकानात. सकाळी साफ केली. एका गिऱ्हाइकाचं सामान उतरवायचं होतं, म्हटलं रिकामीच आहे तर तिच्यावरच टाकू. निघताना कॉपीला लावूनच आलो." त्यांनी घड्याळ बघितलं. "होत आली असेल."

टकळीने चपलासुद्धा नीट घातल्या नाहीत. एका पायात तिची, एका पायात बाबांची, अशी ती धावत सुटली. शनिवारची दुपार, नाक्यावरचा सिग्नल, हॉर्न वाजवणारा टेम्पो, "मरायचंय का?" म्हणून ओरडणारा त्याचा ड्रायव्हर, सगळं मागे पडत गेलं. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांचं एकच वाक्य तिच्या डोक्यात ठणकत होतं: डिलीट केलेली फाइल लगेच जात नाही, तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की जाते.

म्हणजे ती धावत होती तेव्हाही मावशीवर कुणीतरी लिहीत होतं.

दुकानात काउंटरवर काकू बसल्या होत्या. "अगं, पाणी तरी..." एवढं त्या म्हणेपर्यंत टकळी काउंटरखालून आत. पडद्यावर हिरवी पट्टी. सदतीस टक्के. अडतीस. तिने कॉपी थांबवली, वायर उपटली आणि डिस्क पोटाशी धरून जमिनीवर बसली.

"अगं बाई, हे काय! ते ओरडतील ना मला!" काकूंच्या हातातली पावतीबुकं खाली पडली.

"ओरडू देत. आज मीच ओरडणार आहे."

काका दहा मिनिटांनी आले, धापा टाकत. मागून बाबा.

"वेड लागलंय का तुला? गिऱ्हाइकाला मी काय सांगू?"

"सांगा की त्याचं सामान दुसऱ्या डिस्कवर टाकताय! दुकानात एवढ्या डिस्क पडल्यात, तुम्हाला आईचीच सापडली?"

"आवाज खाली कर. काकांशी बोलतेयस," बाबा म्हणाले.

"मी खाली करणार नाही! ह्या घरात सगळं माझ्याच आवाजावर चालतं, तेव्हा बरा चालतो आवाज!"

बाबा एक पाऊल मागे सरले. टकळीला स्वतःचंच आश्चर्य वाटलं, पण थांबायला वेळ नव्हता. हरवलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर काकांकडे होतंच. गिऱ्हाइकांचे पुसलेले फोटो ते त्यातूनच काढून द्यायचे. काकांनी कुरकुरत का होईना ते लावलं, आणि सापडेल ते दुसऱ्या, कोऱ्या डिस्कवर उतरवायचं ठरलं. शोध पुरा व्हायला उद्या दुपार होणार होती.

रविवारी दुपारी आई, बाबा आणि टकळी दुकानात पोचले तेव्हा यादी तयार होती. त्रेसष्टपैकी एक्केचाळीस फाइली धड मिळाल्या होत्या. बावीस गेल्या होत्या. काही अख्ख्या, काही उघडल्या की नुसत्या रंगीत पट्ट्या.

टकळीने काकांना खुर्चीवरून उठवलं. शब्दशः. "उठा, काका." आणि स्वतः बसली. तिने एक फाइल घेतली, मूळ आकार तसाच, सेकंदाला पंचवीसच्या पंचवीस चित्रं तशीच, फक्त साठवायची पद्धत नवी, फोनला कळणारी. काही मिनिटांत तीन जीबीची फाइल तीनशे एमबीची झाली. दहावा हिस्सा! आणि मावशीचं एक नखसुद्धा कमी न होता! एक्केचाळीसच्या एक्केचाळीस एका पेन ड्राइव्हवर ऐसपैस मावल्या असत्या. त्रेसष्टसुद्धा मावल्या असत्या. हे कळल्यावर तिला जास्तच संताप आला. लहान करायला कुणाची ना नव्हतीच. पण कापायचं काय आणि ठेवायचं काय हे ठरवण्याआधी एकदा, एकदाच, विचारायला काय झालं होतं?

तिने फाइल लावली. मावशीचे हात निघाले, सुसाट, एकातून एक. ती आईच्या नव्या केशरचनेची खिल्ली उडवत होती: 'हे केस आहेत की डोक्यावर कुणी झाडू उलटा धरलाय? आणि तो नवरा काही बोलला नाही? त्याला दिसत नाही वाटतं, आपल्याला ऐकू येत नाही तसं!'

आई हसली. मोठ्याने, फुटक्या, खरखरीत आवाजात, जो ती परक्यांसमोर कधीच बाहेर काढत नसे. मग तिचं हसू थांबलं आणि तिने पडद्यावरची यादी बघितली. बावीस ओळी लाल होत्या.

काका खिशातली पेनं सरळ करत म्हणाले, "चला, एवढ्या तरी मिळाल्या. दोन दिवस माझं दुकान अडवून बसलात. निदान थँक यू म्हणायला काही हरकत नाही. शेवटी मी मदतच करायला गेलो होतो ना, वहिनी?"

टकळीने ते आईला हातांनी सांगितलं. जसंच्या तसं, थँक यूसकट. जागा वाचल्याचा हिशोब आणि 'कुणी बोलतच नाही' हे तिने आदल्या रात्रीच सांगितलं होतं.

आईने खिशावर टिचकी मारली, आणि मग तिचे हात सुटले. टकळीने आईला इतकं वेगाने बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

"काय म्हणताहेत?" काकांनी विचारलं.

बाबा हळूच पुढे झुकले. "जरा गोड करून सांग हं."

टकळीच्या मनात आठ वर्षांची सगळी गोड वाक्यं एकदम आली. गोळ्या जेवणानंतर ना. जरा अस्पष्ट दिसतंय. आईने काय काय म्हटलं होतं आणि जगाला त्यातलं काय पोचलं होतं? काकांनी दोन दिवसांत केलं ते ती आठ वर्षं करत आली होती. लाजेने तिचे कान तापले.

"नाही," ती बाबांना म्हणाली. मग काकांकडे वळली.

"आई म्हणतेय: माझी बहीण बोलत होती. तू तिचं बोलणं चिरडलंस आणि वर हिशोब सांगतोस की जागा वाचली. तिची बावीस पत्रं पुसलीस, बावीस वेळा तू माझ्या बहिणीला पुन्हा मारलंस. सोळा वर्षं मी तुला चहा देतेय. सोळा वर्षांत तू माझ्या भाषेतला एक शब्द शिकला नाहीस. पाणीसुद्धा नाही. मग कुणी बोलतंय की नाही हे ठरवणारा तू कोण?"

काकूंनी हातातला कप खाली ठेवला. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी बाबांकडे बघितलं, बाबांनी जमिनीकडे.

"हे... हे असंच म्हणाल्या वहिनी? की तू पदरचं घालतेयस?"

"असंच. शब्दाला शब्द."

"बरं. बरं, चुकलंच माझं." काकांनी रुमाल काढला. "सांग त्यांना. झालं ना आता?"

आईचे हात अजून चालूच होते.

"नाही झालं," टकळी म्हणाली. "तिच्याकडे बघा, काका. माझ्याकडे नको, तिच्याकडे. ती अजून बोलतेय."