वर बिबडे, खाली यंत्र

मी प्रमिलाबाईंची खाट बोलतेय. बसा, पण उजवीकडे बसा. डावा पाय जरा हलतो.

माझा जन्म चोपड्याचा. बाभळीचं लाकूड, वर सुतळीची वीण. प्रमिलाबाईंच्या लग्नात मी त्यांच्याबरोबर जळगावला आले. बाळंतपणं पाहिली, पाहुणे झोपवले, केळीचे घड पेलले. मग घरात दिवाण आला नि मला गच्चीवर टाकलं. लोकांना वाटलं, म्हातारी अडगळीत पडली. अहो, गच्चीवरून गल्लीतली सगळी घरं दिसतात. दिवाणाला काय दिसतं? टीव्ही.

म्हणूनच शेजारची दिपमाला सुट्टीला नव्हे, कामाला आलीय हे आधी मला कळलं.

ती पुण्याला पीएचडी करते. फिजिक्समध्ये. हे विश्व मुळात कशाचं बनलंय, याचं शिक्षण. पण तिथं एकच विषय धरून बसू देत नाहीत. गणितवाल्याला तारा जोडाव्या लागतात, तारावाल्याला गणित मांडावं लागतं, संगणक तर सगळ्यांनाच. शेवटी स्वतःच्या हातानं यंत्र बांधायचं आणि आवडेल त्या जागी चालवून दाखवायचं. जमलं तर पुढे. नाही जमलं तर या शिक्षणातून बाहेर, परत एका विषयाच्या एका खुर्चीवर. दिपमालाने जागा निवडली आमची गच्ची. प्रमिलाबाईंना विचारून यंत्र माझ्यावर ठेवलं.

यंत्र म्हणजे एक पेटी, काळ्या कापडात घट्ट गुंडाळलेली. आभाळातून म्हणे बारीक कण सारखे पडत असतात, तुमच्याआमच्या अंगातून आरपार जातात. एक कण पेटीतून गेला की टिक.

प्रमिलाबाईंचे सासरे लोटन आबा काठी टेकत वर आले. "हाई काय शे वं पोरी?"

"आभाळातले कण मोजतेय, आबा."

"इतली शिकनी, नि मोजाले खाट लागनी?" मग काठी माझ्याकडे वळली. सुनेला म्हणाले, "हाई खाट आते चुल्हामा घाल. लोखंडनी लई येसूत."

मला चुलीत घालून लोखंडी खाट आणायची म्हणे. मी ऐकून घेतलं. घरात मोठ्यांना बोलू द्यावं लागतं.

तेवढ्यात बिबड्यांचे दिवस आले. ज्वारीचं पीठ शिजवायचं, थापायचं नि खाटेवर कडक उन्हात वाळवायचं. दिपमाला खाली जेवायला गेली होती. प्रमिलाबाईंनी पेटीवरचं काळं कापड पाहिलं. काळं कापड ऊन धरतं, बिबडे लवकर वाळतील. त्यांनी ते सोडलं, पेटी बाजूला सरकवली आणि कापड माझ्यावर अंथरलं.

पेटीत उजेड शिरला. तिला उजेडाचा प्रत्येक किरण कणच वाटला. टिकटिक सुटली ती लाह्या फुटाव्यात तशी.

दिपमाला धावत वर आली. आधी पेटीकडे पाहिलं, मग बिबड्यांकडे.

"अगं, नुसतं फडकंच घेतलं ना," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तुझ्या यंत्राला कुणी हात लावलाय?"

त्याच दुपारी तिचे सर लॅपटॉपवर आले. मोजणी बिघडलेली दिसतच होती. "गच्चीवर हे असंच व्हायचं," ते म्हणाले. "सोड हे. परत ये आणि एक विषय नीट धर."

मला राग आला. एक विषय? माझ्यावर माणसं जन्मली, झोपली, केळी पिकली, बिबडे वाळले. तुझा विषय कोणता, असं मला कुणी विचारलं नाही.

दिपमाला म्हणाली, "सर, शेजारच्या काकूंनी कापड काढलं होतं. उजेड कुठून शिरला ते मला बघताक्षणी कळलं. कारण पेटी मी बांधलीय. परत मोजते. इथंच."

"आणि शेजारी?"

प्रमिलाबाई जिन्यात कान देऊन उभ्याच होत्या. त्या पुढे आल्या. "शेजारी कुठं जाणार, साहेब? इथंच राहणार. बिबडेही करणार. आम्ही दोघी बघून घेऊ."

सरांनी आणखी एकदा मोजू दिलं.

"काकू, हे कण छत पार करतात," दिपमाला म्हणाली. "तुमच्या बिबड्यांना काय भितात?"

मग पेटी पुन्हा काळ्या कापडात गेली नि माझ्या खाली सावलीत बसली. वर जुनं लुगडं आणि बिबडे. माझ्या हलत्या पायाखाली वीट. प्रमिलाबाई काठी घेऊन राखणीला. वरून कावळे हाकलायच्या, खालून डोकावणाऱ्या बायका. आबांनी लोखंडी खाट आणली, पण ती एवढी बुटकी की खाली पेटी जाईना. "मंग राहू दे तिले," आबा म्हणाले. घरात मोठ्यांचं ऐकावं लागतं.

मोजणी पुरी झाली. सरांनी विचारलं, "यंत्राच्या वर काही होतं का?"

"खाट, लुगडं, बिबडे."

"चेष्टा करतेस?"

"नाही सर. अहवालात लिहिलंय."

त्यांनी अहवालातली ती ओळ शोधून वाचली. मग म्हणाले, "राहू दे तसंच. पुढचं यंत्र मोठं बांध."

पेटीबरोबर बिबड्यांचा डबाही पुण्याला गेला. सरांनी खाल्ले की नाही, ते मला दिसलं नाही. आमची गच्ची तेवढी उंच नाही.

वीट अजून माझ्या पायाखाली आहे, तरी तो जरा हलतोच. आबा अधूनमधून चुलीचं नाव काढतात. काढू देत. मी हलणार नाही. आणि तुम्हालाही कुणी सांगत असेल की एकच काहीतरी हो, तर या आमच्या गच्चीवर.

उजवीकडे बसा.