खोकल्यासकट

मी एक जुनी कॅसेट आहे, नव्वद मिनिटांची. आता ही आपलं रडगाणं लावणार असं वाटत असेल, मित्रांनो, तर खुशाल उठा आणि खेळायला जा. मी रडत नाही.

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या रोझलिनने मला कोरी विकत घेतलं. ती शाळेत मुलांचा स्वयंपाक करायची आणि सुट्टी मिळाली की 'सॉल्ट लिक' या बँडच्या मागे गावोगाव फिरायची. हा बँड एक गाणं दोनदा सारखं वाजवत नसे. गाणं कुठे जाईल हे वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसायचं, म्हणून प्रत्येक कार्यक्रम टेप करावा लागे. बँडची त्याला ना नव्हती. अट एकच, टेप विकायची नाही. कुणी कोरी कॅसेट पाठवली की रोझलिन माझी नक्कल करून देई, आणि सोबत कागदावर आपलं मत: 'तिसऱ्या गाण्यात ड्रमवाला वाट चुकलाय. मग सगळेच त्याच्यामागे चुकलेत. तिथूनच नीट ऐका.'

मी भरले गेले ते बर्लिंग्टनच्या सभागृहात, १९८४ च्या ऑक्टोबरात. माइक उंच काठीवर बांधलेला होता. काठीजवळ बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, असा टेपवाल्यांचा दंडक. अठ्ठावीस मिनिटांचं गाणं सतराव्या मिनिटाला अगदी हळू झालं आणि नेमका तेव्हाच रोझलिनचा मित्र गस खोकला. दोनदा, चांगला मोठ्याने. टेपवाल्यांनी त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं. पण गिटारवाल्याने मान वर केली, दोन सूर छेडून खोकल्याला उत्तर दिलं, आणि तिथून गाणं भलतीकडेच निघालं. ते सगळं माझ्यावर आहे.

त्याच संध्याकाळी रोझलिनने माझ्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन तुकडे मोडले, म्हणजे माझ्यावर कुणाला दुसरं काही भरता येऊ नये. मला दुखलं नाही, अभिमान वाटला.

पुढे संगणक आले आणि मी बुटांच्या खोक्यात गेले. लोक म्हणायचे, "ती खोकलेवाली होय? नको." त्याचा मला राग येई, अजूनही येतो.

मागच्या मार्चमध्ये वॉरन घरी आला. बँडची जुनी ध्वनिमुद्रणं तो सांभाळतो. तोच कार्यक्रम आता बाजारात येणार होता, पण त्या दिवशी बँडच्या टेप करणाऱ्या माणसाने बरोबर त्या गाण्याच्या सतराव्या मिनिटाला टेप बदलली होती. तिथे भोक होतं.

"तुमच्या कॅसेटने ते भरून काढू. तुमचं नाव छापू," वॉरन म्हणाला. "खोकला तेवढा पुसून टाकू."

बँडच्या रेकॉर्डवर आपलं नाव यावं, हे रोझलिनचं चाळीस वर्षांचं स्वप्न. मी खरंच घाबरले.

"पुसू दे गं," तिथेच बसलेला गस म्हणाला. "चाळीस वर्षं शिव्या खातोय मी."

"तू गप बस. खोकला गेला तर ती गिटार कुणाला उत्तर देतेय? वेड्यासारखी एकटीच बडबडतेय का?" मग ती वॉरनकडे वळली. "घ्यायची तर खोकल्यासकट घ्या."

"पैसे देऊन खोकला कोण ऐकणार, बाई?"

"मग राहू द्या. कॉफी झाली ना तुमची?"

तो गेल्यावर तिने मला बराच वेळ हातात धरलं. तिला वाईट वाटलं होतं, ते मी लपवणार नाही.

रेकॉर्ड आली. सतराव्या मिनिटाला गाणं हळू होतं आणि एकदम पुढचाच तुकडा लागतो. मित्रांनो, तुमच्या घरच्या जुन्या कॅसेटांवरची धूळ जरूर पुसा, पण कुणाचा खोकला पुसू नका.

हल्ली रोझलिनच्या टपालपेटीत पुन्हा कोऱ्या कॅसेटा येतात. सोबत चिठ्ठी असते: 'खोकलेवाली पाठवा.'