गोळ्या वाढल्या

"गोळ्या वाढल्या बाई. पंधरा दिस झालं गोळ्या वाढून. कायतरी करा."

अनिसाने वाक्य तिसऱ्यांदा वाचलं आणि त्याच्यापुढचा हिरवा ठिपका पाहून डोळे चोळले. हिरवा म्हणजे गिऱ्हाईक खूश, लाल म्हणजे तक्रार. वाड्यावस्त्यांवर महिन्याच्या गोळ्या घरपोच देणारी एक कंपनी होती. तिला आलेले फोन मशीन लिहून काढायचं, ठिपके लावायचं आणि उत्तरही पाठवायचं. त्या मशीनला मराठी शिकवणं ही अनिसाची नोकरी. हुद्दा भारदस्त होता, संगणकीय भाषातज्ज्ञ. ऑफिस पुण्यात, पण नेट अम्मीच्या दुकानात चांगलं मिळायचं, म्हणून जुन्नरच्या पेठेत बांगड्यांच्या खोक्यांमागे बसून ती सहा वर्षं लोकांची गाऱ्हाणी चाळत होती. संध्याकाळपर्यंत डोक्याचा पार भुगा व्हायचा.

खूश माणूस दिवस मोजत बसत नाही, एवढं तिला कळत होतं. तिने मूळ फोन ऐकायला लावला. म्हातारीचा आवाज दुकानभर झाला.

"मढ गावाकडची दिसती," गिऱ्हाइकाच्या हातात चुडा चढवता चढवता तिची अम्मी झुबेदा म्हणाली. "गोळ्या संपल्या बिचारीच्या."

"अम्मी, ती वाढल्या म्हणतेय."

"मग काय म्हनंल? घरातलं संपलं असं बाईनं म्हनू नाय. तेल वाढलं, कुंकू वाढलं, तशा गोळ्या वाढल्या. हितं बांगडीचं तुकडं झालं तरी आपून काय म्हनतो?"

"वाढली," अनिसा म्हणाली.

बांगडी 'फुटली' असं या दुकानात कुणी म्हटलेलं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तरी दोन वर्षांपूर्वी मशीनसाठी शब्दांची यादी करताना 'वाढणे'समोर तिनेच 'चांगलं' लिहिलं होतं. भाव वाढला, त्रास वाढला, असे अपवाद आठवणीने घातले. अम्मीच्या तोंडचा तेवढा राहिला. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! तिला स्वतःची लाज वाटली.

साळुबाईंचे, म्हणजे त्या म्हातारीचे, तीन फोन होते. तिन्ही हिरवे. शेवटचा नऊ दिवसांपूर्वीचा. तिन्हींना मशीनने उत्तर धाडलं होतं, 'आपल्या समाधानाबद्दल आभार.'

तिने पुण्याला ऋषीला, तिच्या साहेबाला, फोन लावला.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला, "पण या महिन्याचा रिपोर्ट कंपनीला गेला गं. यादी दुरुस्त कर, पुढच्या महिन्यात येईल ते."

"आणि या बायका?"

"त्यांचं कंपनी बघेल. आपण फक्त मजकूर बघतो."

हे वाक्य तिनेही नव्या लोकांना कितीदा ऐकवलं होतं. आज ते ऐकून तिला उभ्या जागी थकवा आला. गिऱ्हाइकांना आपण फोन करायचा नाही असा नियम होता. तिने साळुबाईंचा नंबर लावला.

फोन सुनेने उचलला. मंगल तिचं नाव.

"साळुबाई आहेत का? गोळ्यांसाठी फोन केला होता त्यांनी."

"आत्याबाई व्हय? निजल्यात." मग जरा थांबून ती म्हणाली, "तुमचा आभाराचा मेसेज आला व्हता, ताई. आत्याबाई म्हनल्या, पोचला बरं निरोप, आता येतील गोळ्या. तालुक्याला जायचं ते ऱ्हायलं मग."

"मी आज पाठवायला लावते."

"आता नगं. मामांच्या, माझ्या सासऱ्यांच्या व्हत्या त्या, बीपीच्या." मंगलचा आवाज खाली आला. "आत्याबाईंनी बांगड्या वाढवल्या सोमवारी."

पलीकडून फोन ठेवल्यावरही अनिसाने मोबाईल कानाचा काढला नाही. झुबेदाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गिऱ्हाइकाला हळू आवाजात उद्या यायला सांगितलं.

मग अनिसाने यादी उघडली. 'गोळ्या वाढल्या' लिहून पुढे लाल ठिपका दिला. त्याखाली लिहिलं, 'बांगड्या वाढवल्या.' मशीनने लगेच हिरवा ठिपका लावला. तिने तो पुसला आणि लालवर बोट नेलं. पण लाल म्हणजे तक्रार, आणि साळुबाईंची आता कसलीच तक्रार नव्हती.

तिने ती जागा कोरी ठेवली.