व्हर्नाचा सत्तावीस नंबर

व्हर्ना ऑस्बीला कुणी "सांभाळून हं" म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि मार्चमध्ये डाव्या गुडघ्याची वाटी काढून तिथे धातूची बसवल्यापासून अख्खं गाव तिला तेवढंच म्हणत होतं. दुकानात तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच. जिने पस्तीस वर्षं विस्कॉन्सिनच्या बर्फातून शाळेची बस हाकली, आणि एका पोराला म्हणून कधी खरचटू दिलं नाही, त्या बाईला आता म्हणे पायरी बघून उतर.

त्यामुळे ऑक्टोबरच्या त्या रविवारी जुन्या धावपट्टीवर ती आली तीच दात आवळून. काही झालं तरी आज सत्तावीस नंबर हातचा जाऊ द्यायचा नाही.

गावाबाहेरच्या त्या धावपट्टीवर आता विमानं उतरत नाहीत. वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी तिथे जुन्या गाड्यांचा क्लब जमतो. नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट करायची, त्यातून एकेकाने गाडी पळवायची, आणि घड्याळ लावायचं. शंकू पडला की दंड. क्लबात प्रत्येकाला एक नंबर असतो आणि तो नंबर माणसाचा असतो, गाडीचा नाही. मात्र वर्षातून निदान एक फेरी एकही शंकू न पाडता पुरी करावी लागते. नाही केली तर नंबर मोकळा होतो, पुढच्या वर्षी जो पहिला मागेल त्याचा. व्हर्नाकडे सत्तावीस नंबर चाळीस वर्षं होता. तिच्या घराबाहेरच्या टपालपेटीवर तो रंगवलेला होता, आणि गावातले निम्मे लोक तिला 'सत्तावीस' म्हणूनच हाक मारत. यंदा गुडघ्यापायी तिचा सगळा हंगाम बुडाला होता आणि ही शेवटची शर्यत होती.

आता तुम्ही म्हणाल, एक फेरी तर करायची, त्यात काय एवढं? तर अडचण तिच्या गाडीची होती. सहासष्ट सालची निळी कॉर्व्हेट. लांबलचक नाक, त्या नाकाखाली हे भलंमोठं इंजिन, आणि क्लच असा की धडधाकट माणसाच्याही पोटरीत गोळा यावा. सप्टेंबरात व्हर्नाने गॅरेजमध्ये बसून तो दाबून बघितला. तिसऱ्या वेळेला डोळ्यांपुढे काजवे चमकले. मेकॅनिक म्हणाला, हलका क्लच बसवून देतो. व्हर्ना म्हणाली, "कुबड्या मला लाव हवं तर. माझ्या गाडीला लावायच्या नाहीत."

तेव्हा हार्लन रीट्झ पुढे आला.

हा हार्लन म्हणजे गावाचा दातांचा डॉक्टर, आता निवृत्त. माणसाचे दात काढताना तो बधिर करायचा, बोलताना मात्र कधीच करत नसे. त्याच्याकडे बहात्तर सालची पिवळी पोर्श. क्लबात दोन छावण्या, एक अमेरिकन गाड्यांची, एक जर्मन गाड्यांची, आणि दोन्हींचे म्होरके हे दोघे. घडीच्या खुर्च्या समोरासमोर टाकून, हातात मोहरीची चटणी फासलेलं ब्राटवुर्स्ट सॉसेज घेऊन त्यांनी चाळीस वर्षं एकच भांडण चालवलं होतं.

"तुझी गाडी म्हणजे बैल गं," हार्लन म्हणायचा. "ताकद बघावी तर ढीगभर, पण वळायचं म्हटलं की आधी अर्ज द्यावा लागतो."

"आणि तुझी म्हणजे शिवणयंत्र," व्हर्ना म्हणायची. "आवाजही तसाच. सरळ रस्ता आला की माझ्या मागे धूळ खात येतोस, मग वळणावर येऊन फुशारक्या मारतोस."

"सरळ रस्त्यावर तर माझी आजीसुद्धा पळवेल."

"मग तिलाच पाठव ना. तुझ्यापेक्षा बरी चालवत असेल."

शंकूंच्या बाबतीत तर हार्लन भलताच कडक. प्रत्येक शंकूभोवती खडूचा चौकोन आखलेला असतो. धक्का लागून शंकू सरकला, पण उभा राहिला आणि चौकोनाला टेकून असला, तर माफ. पडला किंवा चौकोनाबाहेर गेला तर दंड. क्लबात नोकर-चाकर नाहीत. सकाळी पळणाऱ्यांनी दुपारी मैदानात उभं राहून शंकू सांभाळायचे, दुपारच्यांनी सकाळी. हार्लन मैदानात असला की वाकून, चष्मा वर करून चौकोन बघायचा. व्हर्नाला त्याने एवढ्या वर्षांत एक बोटभर सूट दिली नव्हती.

असा हा माणूस सप्टेंबरात तिच्या दारात येऊन म्हणाला, "व्हर्ना, माझी गाडी घे. तिचा क्लच हलका आहे. पाय दुखणार नाही." ना टोमणा, ना हसणं. व्हर्नाला तेव्हाच ते खटकलं होतं. पण नंबर वाचवायचा म्हणून तिने मान डोलावली, आणि चिकटपट्टीने पिवळ्या दारावर दोन आणि सात लावून घेतले.

दुपारी तिची पाळी आली. प्रत्येकाला तीन फेऱ्या मिळत. हार्लन खिडकीशी वाकला. "हे बघ, इंजिन मागे आहे. पार मागच्या चाकांच्याही पलीकडे. वळणात शिरलीस की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा नाही. भीती वाटली तरी नाही. काढलास की शेपूट पुढे येतं."

"चाळीस वर्षं ऐकतेय मी हे."

"ऐकलंयस गं. केलं कुठे आहेस? बरं, सावकाश जा. घाई नाही."

सावकाश जा! हा माणूस तिला शर्यतीत सावकाश जा म्हणत होता. तो वॉकीटॉकी घेऊन मैदानाच्या शेवटच्या टोकाला आपल्या जागेवर गेला आणि व्हर्नाने किल्लीसाठी उजवीकडे हात घातला. तिथे काहीच नव्हतं. ह्या गाडीची किल्ली डावीकडे. पेडल वरून लोंबण्याऐवजी जमिनीतून उगवलेली. पण क्लच मात्र लोण्यात बोट बुडवावं तसा खाली गेला, आणि गुडघ्याने ब्र काढला नाही.

पहिली फेरी कशी गेली ते न विचारलेलं बरं. मोठ्या वळणात वेग जास्त झाला आणि तिच्या उजव्या पायाने तेच केलं जे तो जन्मभर करत आला होता. कॉर्व्हेटमध्ये वळणात जास्त झालं की पाय जरा उचलायचा. जड नाक आत वळतं, मग पुन्हा दाबायचं. इथे तिने पाय उचलला आणि अख्खी धावपट्टी तिच्याभोवती गरकन फिरली. गाडी उलट्या तोंडाने थांबली तेव्हा चार शंकू आडवे होते. लाऊडस्पीकरवरून मॅव्हिसचा आवाज आला, "सत्तावीस, फेरी बाद." मॅव्हिस म्हणजे घड्याळ आणि नंबर सांभाळणारी, क्लबची चिटणीस. तिचा आवाज इतका मऊ होता की व्हर्नाला शंकूंपेक्षा त्याचाच राग आला.

दुसऱ्या फेरीत तिने पाय घट्ट रोवून ठेवला. शेपूट जागेवर राहिलं, पण त्या आनंदात पुढच्या दोन शंकूंमधून जायचंच राहून गेलं. पुन्हा बाद. आणि हार्लन? एरवी त्याने वॉकीटॉकीवरून तिचे धिंडवडे काढले असते. आज तो गप्प होता.

आता एकच फेरी उरली. व्हर्नाने हात मांडीवर पुसले. ती घाबरली होती. ती स्वतःशी म्हणाली, बये, तुझी गाडी विसर. ही काय सांगतेय ते ऐक.

आणि ती खरोखरच सांगत होती. कॉर्व्हेटमध्ये इंजिनाच्या गडगडाटात रस्ता कुठेतरी लांब खाली असायचा, आपण ढगावर बसल्यासारखे. इथे स्टीअरिंग हातात चुळबुळ करत होतं. खडा आला, भेग आली, डांबराचा जोड आला, सगळं तळव्याला कळत होतं. मोठं वळण आलं. पाय म्हणाला, उचल. व्हर्नाने नाही उचलला. मागचं ओझं खाली बसलं, चाकांनी जमीन धरली, आणि गाडी वळणातून अशी बाहेर पडली की व्हर्नाच्या तोंडून आपोआप "अगं बाई" निघालं. चाळीस वर्षं हार्लन जे सांगत होता ते हेच होतं. तो मेला खोटं बोलत नव्हता.

शेवटची नागमोडी ओळ. डावा, उजवा, डावा. शेवटच्या शंकूला ती किंचित उशिरा वळली, आणि पाठीखाली, अगदी हलकीशी, टिचकी बसली. कॉर्व्हेटमध्ये ती कधीच कळली नसती. ह्या गाडीत ती मणक्याला कळली.

ती रेषा ओलांडून थांबली. आरशात तिला हार्लन दिसला. बेसबॉलचे पंच करतात तसे त्याने दोन्ही हात आडवे पसरले होते. माफ.

"सत्तावीस, शंकू शून्य!" मॅव्हिस ओरडली. दोन्ही छावण्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. कुणीतरी टोपी उडवली.

व्हर्ना गाडीतून उतरली आणि लंगडत उलट्या दिशेने चालायला लागली. हॉर्न एकेक करून थांबले. ते लांबलचक अंतर तिने कुणाचा हात न धरता कापलं. शंकू चौकोनात मधोमध, शहाण्या मुलासारखा उभा होता.

"कुठे होता हा?" तिने विचारलं.

"चौकोनात," हार्लन म्हणाला.

"मला टिचकी कळली, हार्लन."

"हलला जरासा. खडू पुसट झालाय, नीट दिसत नाही."

"पुसट कसला? सकाळी मीच आखलेत सगळे, काठीला खडू बांधून. माझ्याकडे बघून बोल. आडवा पडला होता?"

हार्लनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चाळीस वर्षांत त्याला खोटं बोलायची सवयच नव्हती, तर आज कुठून जमणार? "व्हर्ना, एक शंकू गं," तो हळूच म्हणाला. "कुणाचं काय जातंय?"

"गेल्या चाळीस वर्षांत कुणाचं काय गेलं असतं? तेव्हा सोडलास एक तरी?"

"तेव्हा तुझा गुडघा धड होता."

घ्या. निघालं शेवटी तोंडातून. व्हर्नाला असं वाटलं की कुणीतरी तिला सगळ्यांसमोर हाताला धरून खुर्चीत बसवलं. दुकानातल्यांचं एक वेळ ठीक होतं, चर्चमधल्यांचंही. पण ह्यानेसुद्धा? "तुला माझी दया आली?" ती म्हणाली. "तुला? अरे, सगळ्या गावाने सोडलं तरी तू सोडणार नाहीस ह्या एका भरवशावर मी गुडघ्याचा व्यायाम करत होते. पहाटे उठून, रडत रडत."

हार्लनने चष्म्याखालून बोटाने डोळे पुसले.

"सांग मॅव्हिसला."

"मी नाही सांगणार. तुझा नंबर आहे तो."

"म्हणूनच." तिने त्याच्या हातातली वॉकीटॉकी काढून घेतली. "मॅव्हिस, सत्तावीसला एक शंकू."

खरखर झाली. "कोण बोलतंय?"

"सत्तावीसच बोलतेय. शंकू आडवा होता. लाव दंड."

मग लाऊडस्पीकरवर मॅव्हिसने घसा साफ केला आणि एक शंकू सांगितला. सत्तावीस नंबर मोकळा झाला.

दोघं गाडीपाशी परत आले. व्हर्ना दारावरच्या पट्ट्या सोलायला लागली. आधी दोन, मग सात. नंबर गेला ह्याचं तिला दुःख झालं, चांगलंच झालं, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही. नाक ओढत, बाहीने डोळे पुसत ती नखाने चिकटपट्टी खरवडत होती. पण दुःखाच्या खाली काहीतरी घट्ट होतं, जे मार्चपासून तिला सापडत नव्हतं. वसंतात क्लबचे दरवाजे उघडतील. तोवर हिवाळा आहे, व्यायामाला जिना आहे, गॅरेजमध्ये क्लच आहे. सत्तावीस कुणी आधी मागितलाच, तर दुसरा नंबर मिळेल. मागायला ती स्वतःच्या पायाने येणार होती, स्वतःच्या गाडीतून.

हार्लन बॉनेटला टेकून तिच्याकडे बघत होता. मग त्याने हाताची घडी घातली.

"पहिल्या फेरीत तू पाय काढलास," तो म्हणाला. आवाज अजून ओला होता, पण त्यात थोडी धार येत होती. "सांगून, समजावून, हातापाया पडून, तरी काढलास. आणि शेवटच्या शंकूला जी वळलीस ना, ती म्हणजे बसच वळवलीस. शाळा सुटल्यासारखी. पडणार नाही तर काय होईल शंकू?"

व्हर्नाने हातातल्या चिकटपट्टीचा गोळा केला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

"परत बोल," ती म्हणाली. "उशिरा वळले, पण नेमकी कुठे?"