पांढरे गमबूट

नैवाशाच्या तळ्याकाठी त्या गुलाबमळ्यात बायकांना संडासाला चार मिनिटं मिळत. टोपी, तोंडाला फडकं, सगळ्यांना सारखेच कोट. म्हणून नंबर काळ्या गमबुटांवर रंगवलेले, आणि संडासाबाहेरचा कॅमेराही खाली, बुटांवरच रोखलेला. ही अक्कल सुपरवायझर मुरिथीची. बायकांच्या पायांवर डोळा ठेवायची मेल्याला भारी हौस!

शुक्रवारी एकेचाळीस नंबरच्या केमुंतोला अकरा मिनिटं लागली. लागली कसली, त्यानंच लावली. ती बाहेर पडताच मुरिथीनं वाट अडवली.

"शनिवारी खोलीवर ये. फिल्म पुसून टाकतो."

"येते की. तुमच्या बायकोलाही घेऊन येते," केमुंतो म्हणाली.

सोमवारी त्यानं तिला बायकांच्या समितीपुढे उभं केलं. पुरावा दाखवल्याशिवाय कुणाला काढता येत नसे. काम गेलं तर लेकीची शाळा सोडवून किसीला, आपल्या गावी, परत जायचं होतं. सकाळी केमुंतोनं चहाही घेतला नव्हता.

समितीची प्रमुख चेबेट मावशी. वीस वर्षं गुलाब निवडून तिची नजर पट्टीसारखी झालेली. शेजारी मॅनेजर मॅडम. मुरिथीनं ऐटीत फिल्म लावली.

"नऊ-दहाला आत. नऊ-एकवीसला निघाली. झालं!"

"मधलंही दाखवा," केमुंतो म्हणाली.

"मधे काय, बंद दार!"

"बाबा रे," चेबेट मावशी म्हणाली, "आम्ही नुसती कळी बघून फूल घेत नाही, देठही बघतो. चालू दे."

नऊ-तेराला दार उघडलं. एकेचाळीस नंबर बाहेर आला. समोर दोन पांढरे गमबूट येऊन उभे राहिले. एकेचाळीस डावीकडे, पांढरे डावीकडे. एकेचाळीस उजवीकडे, पांढरेही उजवीकडे. आठ मिनिटं!

चेहरा दिसत नाही म्हणून गडी निर्धास्त होता. पण त्या शेडमध्ये पांढरे गमबूट एकाच माणसाचे. त्यानं हळूच पाय खुर्चीखाली ओढले. सगळ्यांनी पाहिलं.

"साहेब, तुमचा नंबर कितवा हो?" केमुंतोच्या शेजारी काम करणारी नाफुला ओरडली, आणि बायका खदाखदा हसल्या.

मॅडमनी तिथेच त्याच्याकडून किल्ल्या मागून घेतल्या. जेवणाआधी कॅमेराही उतरला. केमुंतो त्या दिवशी दोघींचा उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, एकटीनं जेवली.

दुपारी कामावर परतल्यावर तिनं कात्री खाली ठेवली.

"नाफुला, माझी फुलं बघ गं. जाऊन येते."

"किती वेळ?"

"लागेल तेवढा."