चंप्याचं नख

चंप्या कुत्रा तीन पायांवर लंगडत आला तेव्हा सोयराबाई नुकतीच शेतावरून परतली होती. तिच्याच हाकेला ओ देऊन तो आला होता. पुढच्या पंजाचं एक नख मुळाशी मोडून लोंबत होतं, रक्त टपकत होतं.

शहाण्णव साल ते. कानडी मुलखातल्या सर्जापूर रोडला तेव्हा इमारती नव्हत्या, आणि नाचणीला इकडचे मराठेही रागीच म्हणायचे. मळणीला खळं कशाला हवं? कणसं डांबरावर पसरायची, बस-लॉऱ्या वरून जायच्या, दाणे सुटायचे. भानगड एवढीच, की शेजारच्या गुंडोअण्णाची रागी खेटून असायची. म्हणून सोयराबाईनं मध्ये दगडांची ओळ मांडली होती आणि राखणीला चंप्या ठेवला होता. घरातल्या चौघांची वर्षभराची भाकरी त्या डांबरावर पडली होती.

"गुंडो! दगुड मारलास काय रे माझ्या कुत्र्याला?"

"अय्यो अक्का, मी कशाला मारू?" पलीकडं झाडाखाली पोत्याशेजारी बसून बिडी ओढत गुंडोअण्णा म्हणाला.

"राखण्या लंगडा केला की तुला रान मोकळं. मला कळत न्हाई व्हय?"

"आधी रक्त थांबव. मग भांड हवं तेवढं."

हे मात्र खरं होतं. तिनं घरातून कोमट मिठाचं पाणी आणलं. पंजाला हात लावताच चंप्यानं तिलाच दात दाखवले. गुंडोअण्णा दगड ओलांडून आला, खांद्यावरच्या टॉवेलानं त्याचं तोंड बांधलं आणि मुंडकं मांडीवर घेतलं. चंप्या गप्प. वर शेपूट हलवायला लागला!

"ह्याची अन् तुझी गट्टी कवापासनं?"

"स्वल्प राकेल घाल त्यावर."

"राकेल तुझ्या जखमंवर घाल!"

तिनं जखम धुतली, लोंबता तुकडा कातरीनं उडवला, आणि चिमूटभर रागीचं पीठ नखावर दाबून धरलं. दोन बस गेल्या, तेव्हा कुठं रक्त थांबलं. मग जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि चाटू नये म्हणून वरून नातवाचा शाळेचा मोजा चढवला. कापलेला तुकडा टाकायला गेली तर त्यात तागाचा धागा अडकलेला.

"हे बघ! तुझ्या पोत्याचा धागा! पोत्यात कोंडला व्हतास ह्याला!"

झाडाखालचं आपलं पोतं उचलून गुंडोअण्णानं तिच्यापुढं टाकलं. त्यावर चंप्याच्या अंगाचे केस होते, कडेचं सूत उसवलेलं, त्यावर ओलं रक्त.

"तू शेतावर गेलीस की रोज हितं येऊन निजतो. आज तुझी हाक ऐकून दचकून उठला, नख अडकलं. मी सोडवायच्या आत हिसडा दिला त्यानं."

"अन् राखण?"

"राखण मीच करतो की. तुझी पण. कोंबड्या काय आपल्या आपण जातात?"

सोयराबाईनं आपल्या रागीकडं पाहिलं. एका कोंबडीनं कुठं उकरलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुंपण झोपा काढत होतं, आणि शेत ज्याला चोर म्हटलं त्यानं राखलं होतं.

"सरी, बरं मग," ती पुटपुटली. वाकून ओळीतला एक दगड तिनं बाजूला सारला, लंगड्या कुत्र्याला जाता यावं एवढाच.

"बाकीचे काढतो मी," गुंडोअण्णा पुढं झाला.

"ऱ्हाऊ दे!" ती खेकसली. "कुत्र्यावर इश्वास ठिवून बघितला. मानसावर इतक्यात नको."